साडेपाच तास

१२ ऑक्टोबर

आज पाऊस आला नाही. काल मी येईल म्हणालो होतो.

सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहिलं. शून्य. बारापर्यंत पश्चिमेला थोडे ढग होते, तेही गेले. गावच्या हवामानाच्या व्हॉट्सॲप गटावर दोनशे बारा लोक आहेत आणि मी लिहिलं होतं, ‘उद्या दुपारनंतर विजांसह मध्यम पाऊस.’ नऊ घरांनी सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्र्या टाकल्या, मळणीला आलेलं हडंबा यंत्र परत पाठवलं, आणि दिवसभर कडक ऊन पडलं.

मी अल्लीपूरला कृषी केंद्रात कामाला आहे. दुपारी भाड्याची व्हॅन चालवणारे ओमप्रकाशभाऊ दारात गाडी लावून आत आले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “काय साहेब, तुमचा पाऊस कोनत्या फाट्यावर उतरला? सांगाचं नं, मी घ्याले गेलो असतो गाडी घेऊन.” सगळे हसले. मीही हसलो. पण फवारणीच्या औषधाची बाटली उलटी ठेवली आणि मालकांनी ती सरळ केली.

गट बंद करावा का? बारावी नापास माणसाने दोनशे बारा लोकांना आभाळ सांगू नये. रूपरावकाकांना फोन केला. ते रोहण्याचे, कृषी खात्यातून निवृत्त, तेवीस वर्षं रोजचा पाऊस मोजतात. मापक त्यांनीच दिलं, नकाशे वाचायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते ओरडून बोलतात. “चुकला तं चुकला! चुकलो म्हनून लिह्य गटावर! लपून बसू नोको!”

लिहिलं. ‘कालचा अंदाज चुकला. क्षमस्व. अनुप.’ चौदा अंगठे आले. त्यांचा अर्थ मला लागला नाही.

१५ ऑक्टोबर

मापक शून्य. जागृतीताई आज आली. विवेक भाऊजी तिला पोहोचवून परत गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून. डॉक्टरांनी तीन नोव्हेंबर तारीख दिली आहे.

ती सिंदी मेघेहून आली. तिथून वर्ध्याचं मोठं हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर. आमच्या घरून अडतीस किलोमीटर आणि एक रपटा.

रपट्याबद्दल लिहून ठेवतो. आमच्या गावाच्या आणि अल्लीपूरच्या मध्ये नाला आहे. त्याच्यावर पूल नाही. नाल्यातून आडवा गेलेला सिमेंटचा सपाट रस्ता आहे, खाली पाणी जायला चार नळे. वरच्या अंगाला तीन तासांत साठ मिलिमीटर पडला की पाणी रपट्यावरून वाहतं आणि गाव तुटतं. दुसरा रस्ता नाही. तीन वर्षांत मी अकरा वेळा नोंद केली आहे. सर्वांत जास्त वेळ, एकोणीस तास.

हे मी जेवताना कोणाला सांगितलं नाही. आई ताईला भाकरीवर तूप वाढत होती आणि बाबा हसत होते. पाऊस संपत आला आहे. बहुधा काही होणार नाही.

१६ ऑक्टोबर

मापक शून्य. ओमप्रकाशभाऊंचा आजही सकाळी सातला फोन. “साहेब, गाडी धुऊ का आज?” बारा तारखेपासून रोज हीच थट्टा चालली आहे. मी रागावत नाही. ‘कोरडं आहे, धुवा’ एवढंच सांगतो. दुकानासमोरून गेले तेव्हा गाडी चकचकीत होती.

१९ ऑक्टोबर

अंदमानजवळ समुद्रावर ढगांचा गोळा जमतो आहे. काकांनीही पाहिला. “अजून काई नाई! पोळीची कनीक बी मळली नाई!” ते म्हणाले. मी मात्र गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तीन वेगवेगळ्या अंदाजांचे नकाशे पाहिले. एकात तो गोळा ओडिशाकडे जातो, एकात समुद्रातच विरतो, एकात आंध्रच्या किनाऱ्याला लागून तेलंगण, चंद्रपूर, मग आमच्याकडे.

आईने विचारलं, “वाकळी धुवाच्या होत्या, उद्या ऊन हाय का?” हाय म्हटलं. ती नेहमी विचारते, सवय आहे तिला.

२३ ऑक्टोबर

आता कमी दाबाचं क्षेत्र झालं. तीनपैकी दोन नकाशे आमच्याकडे वळले. किनाऱ्यावर येईपर्यंत ते चक्रीवादळ होईल, आत आल्यावर वारा मरेल पण पाऊस घेऊन येईल. अंदाजे २८ ते ३० च्या मध्ये.

तीन नोव्हेंबर ही तारीख आहे, पण तारखेच्या आठ दिवस आधीही होऊ शकतं. हे मी गावच्या आशा स्वयंसेविका ताईंना विचारून घेतलं. त्यांनी विचारलं, “काऊन रे, तुले कायले पाह्यजे?” मी सांगितलं की नोंदीसाठी.

२४ ऑक्टोबर

आज बोललो. नीट झालं नाही.

आई चुलीपाशी डिंक तळत होती, बाबा दारात बसून फाटलेलं पोतं शिवत होते. मी म्हटलं, “आई, वादळ याच्या आधी तायले सिंदी मेघेले नेऊन घालू.”

“कोनाले?”

“तायले. रपटा बुडाला तं दवाखान्यात नेता येनार नाई.”

आईने कढई खाली उतरवली. “पहिलं बाळंतपण सासरी? लोक काय म्हनतीन, या तानाबाईच्या घरी दोन लाडू नाई निंघाले? अन् ते ईहीन, आनंदाबाई, ते तं जलमभर सांगन. पोट्टी धाडली होती मायकडे, मायनं वापस पाठोली!”

बाबा सुई न थांबवता म्हणाले, “समुद्र हजार किलोमीटर लांब हाय. तुह्या मोबाईलले तिथून आपला नाला दिसते काय?”

“दिसत नाई बाबा. अंदाज हाय.”

“बारा तारखेलेबी अंदाजच होता.”

ताई खाटेवर बसून पेरू खात होती. ती म्हणाली, “मले कोनी इचारून राह्यलं का?”

बाबांची सुई थांबली.

“मले कुठीबी चालते. इथं, तिथं, विहारात बी चालते. फक्त रस्ता पाह्यजे.”

आईने झारा भिंतीला टांगला तो पडला. तिने तो उचललाही नाही.

संध्याकाळी बाबांनी अंगणातली कापसाची गाठोडी आत नेऊन ठेवली. उंदरांमुळे असेल.

२५ ऑक्टोबर

वादळाला आज नाव मिळालं. मी ते इथे लिहिणार नाही, ओळख वाढवायची नाही.

विवेक भाऊजींचा रोज संध्याकाळी ताईला फोन येतो. ताईशी बोलून झालं की ते मला मागतात आणि विचारतात, “रपटा कसा हाय?” आज मी सगळं सांगितलं. “पाहतो” म्हणून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्यांच्या आईचा, आनंदाबाईंचा, थेट आईला फोन आला. आईने पदर सावरला, जसं काही त्या समोर उभ्या आहेत.

“जयभीम ईहीनबाई,” आनंदाबाईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. “तुमीच या नं पोरीसंगं. बाळंतपण तुमचंच. माही फक्त खोली. समोरची खोली मी धा दिवस झाले रिकामी करून ठेवली.”

आईने फोन ठेवला. मग बाबांना म्हणाली, “ईहिनीच्या गॅसवर मी लाडू बांधू?”

बाबा म्हणाले, “गॅस कोनाचाबी असला तरी लाडू तुहेच.”

शेवटी आई तयार झाली, पण एका अटीवर. शेवटच्या दिवशी निघायचं, त्याआधी नाही. “वादळ वळलं तं मी जानार नाई. मंग उगाच काऊन तोंड दाखवू?” वळण्याची शक्यता किती, तिने विचारलं. मला चाळीस टक्के वाटते, तसं सांगितलं. खरं तेच सांगितलं, तरी सांगायला नको होतं.

२६ ऑक्टोबर

मापक शून्य. रात्रीतून फोनमधलं हवामानाचं ॲप आपोआप बदललं. रंग वेगळे, अक्षर मोठं, डाव्या हाताला नवीन बटणं. मला बदल आवडत नाही, पण अक्षर बरं आहे.

शेवटचा सुरक्षित दिवस कोणता, हे आज काढलं. नकाशावरची वेळ इंग्लंडमधली असते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. काकांनी हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं आणि मी एकदाही विसरलो नाही. जोराच्या पावसाचा गडद रंग आमच्या नाल्यावर २९ तारखेला सहाला येतो. म्हणजे सकाळी साडेअकरा. दोनदा तपासलं.

ओमप्रकाशभाऊंची व्हॅन कापूस वेचणाऱ्या बायांना न्यायला २८ पर्यंत लागलेली आहे. २९ ला सकाळी नऊला निघायचं ठरलं. पावसाच्या अडीच तास आधी. पुरेसं आहे.

गटावर टाकलं: ‘२९ ला सकाळी साडेअकरानंतर जोरदार पाऊस. वेचलेला कापूस, सोयाबीनच्या गंजी त्याआधी झाका. रपटा बंद होऊ शकतो.’ शुद्धलेखन तपासून पाठवलं.

कोणीतरी डोळे मिचकावणारं तोंड पाठवलं.

२७ ऑक्टोबर

वळलं नाही. उद्या दुपारी किनाऱ्याला लागेल. आईची थैली दाराशी भरून ठेवलेली दिसली: लाडवांचा डबा, शेपाची पुडी, जुन्या लुगड्यांची दुपटी, बाबासाहेबांचा छोटा फोटो. मी विचारलं, अजूनही वळू शकतं, आणि वळलं तर जाणार नाही म्हणत होतीस ना? “थैली भरून ठेवली तं काय वादळ बलावलं काय मी?” ती म्हणाली.

ताईची कंबर दुखते आहे. ती म्हणते, रोजचंच. मी वेळ लिहून ठेवतो आहे. सव्वासहा. सात वाजून चाळीस. तिने वही हिसकून घेतली. “माह्या कंबरेचा बी अंदाज काढतं का, हवामान खात्या?”

२८ ऑक्टोबर, दुपारी साडेतीन

घाईत लिहितो आहे. अक्षर खराब येतं आहे, नंतर सुधारीन.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वादळाचा उपग्रहातला फोटो उघडला. ॲप बदलल्यापासून उघडला नव्हता, त्याला डेटा फार लागतो. फोटोखाली वेळ होती १४:३०. सवयीने साडेपाच तास मिळवले. रात्रीचे आठ.

पण आता दुपारचे तीन वाजले होते. रात्री आठचा फोटो दुपारी तीनला कोण काढेल?

भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मालकांचं घड्याळ पाहिलं. मग नवीन बटणं एकेक दाबली. नवीन ॲप वेळ आपलीच दाखवतं. त्याने साडेपाच तास आधीच मिळवले आहेत. मी ते पुन्हा मिळवले.

गडद रंग साडेअकराला येणार नाही. सहाला येणार. सहा म्हणजे पहाटेचे सहा. नऊला आम्ही निघू तेव्हा रपटा दिसणारसुद्धा नाही.

काकांना फोन केला. ते पहिल्यांदाच हळू बोलले. “अरे बाबू, मी तं एकदा आख्खा मे महिना दोनदा जोडत राह्यलो होतो. अंगणात बाज टाकून पावसाची वाट पाहात बसो, अन् तो कवाचा येऊन गेलेला राहे.” मग नेहमीसारखे ओरडले, “वही बंद कर अन् निंघ!”

मालकांना सांगून निघतो आहे. आईला कसं सांगू? तिला मी ‘दोनदा तपासलं’ म्हणालो होतो.

२८ ऑक्टोबर, रात्री आठ, सिंदी मेघे

पोहोचलो. सगळे. आता क्रमाने लिहितो.

घरी आलो तेव्हा आई गव्हाला ऊन दाखवत होती. मी दारातच सांगितलं, “आई, माह्याकून चूक झाली. पाऊस सकाळी सहालेच येनार हाय. आताच निंघा लागते.” मला वाटलं ती म्हणेल, बारा तारखेसारखं. ती म्हणाली, “थांब, हात धुतो,” आणि थैली उचलली. बाबांनी गहू भरायला घेतला. कोणी काही विचारलं नाही. बहुधा घाईत त्यांच्या लक्षात आलं नसावं की चूक किती मोठी होती.

ओमप्रकाशभाऊंना फोन लावला. ते बायांना घेऊन हिंगणघाटच्या बाजूला होते. मी म्हटलं, “भाऊ, उद्या नाई, आज.”

“आज म्हंजे?”

“आताच. माही चूक झाली. वेळ चुकलो.”

“किती वाजेपर्यंत येऊ ते सांग नं. चुकीचं उद्या सांगजो.”

साडेपाचला आले. व्हॅनमध्ये कापसाचे तंतू उडत होते. मागच्या सीटवर आई आणि ताई, पुढे मी. बाबा बकऱ्यांसाठी मागे राहिले. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “गटावर टाकलं का?”

नव्हतं टाकलं. व्हॅनमध्ये बसल्यावर टाकलं: ‘दुरुस्ती. पाऊस २९ ला सकाळी साडेअकराला नाही, पहाटे सहाला सुरू होईल. वेळ मोजण्यात माझी चूक झाली. आज संध्याकाळीच झाकून घ्या. अनुप.’ पाठवताना वाटलं की आता गट कायमचा संपला.

रपट्यावर आलो. पाणी नळ्यांतून शांत जात होतं, टाचभरसुद्धा नाही. एक बगळा उभा होता. आईने ताईच्या पोटावर आडवा हात धरला आणि व्हॅन वर चढेपर्यंत काढला नाही. ओमप्रकाशभाऊ म्हणाले, “पाहा काकू, किती भयंकर पूर!” ताई इतकी हसली की आई तिच्यावर रागावली.

आनंदाबाई फाटकात उभ्या होत्या. आई उतरून म्हणाली, “आलो आमी, तुमाले तरास द्याले.” आनंदाबाईंनी थैली घेतली. “डब्यात काय हाय? डिंकाचे? मंग द्या तो तरास इकडे.”

२९ ऑक्टोबर

इथे पाऊस पाच वाजून पन्नास मिनिटांनी सुरू झाला. मी खिडकीशीच होतो.

सव्वाआठला बाबांचा फोन. “गेला रपटा.”

“किती वाजता?”

“साडेसातले मी पाह्यला तवा मधात पानी होतं. आता त्या बाजूचा खांब दिसत नाई.” मग म्हणाले, “कोनाचंच भिजलं नाई रे. काल रात्री गावात लोक टॉर्च घेऊन ताडपत्र्या बांधत होते. शेजारच्या कवडूनं तं आपल्याकडून दोर नेला.”

मी विचारलं, त्यांना कोणी सांगितलं? बाबा म्हणाले, “तुह्यावालं वाचलं न बे त्याहीनं. अजून कोन सांगन?”

फोन ठेवून न्हाणीत गेलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा ताई आनंदाबाईंच्या हातचे पोहे खात होती. कंबर अजिबात दुखत नव्हती.

३० ऑक्टोबर

रपटा सकाळी नऊला उघडला. साडेपंचवीस तास. माझ्या नोंदीतला सर्वांत जास्त. गावचं मापक बाबांनी पाहिलं, पहिल्यांदाच: १४२ मिलिमीटर. मी म्हटलं, नक्की? ते म्हणाले, “तीनदा पाह्यलं. तुह्यासारखं दोनदा नाई.”

२ नोव्हेंबर

काही नाही. ऊन. ताई रोज संध्याकाळी अंगणात दहा फेऱ्या मारते. आई आणि आनंदाबाई यांचं मेथी किती घालावी यावर एकमत नाही. दोघींनी वेगवेगळे लाडू केले आहेत आणि ताईला दोन्ही खावे लागतात. विवेक भाऊजी लपून मला देतात.

मला रुखरुख लागली आहे. त्या पंचवीस तासांत काहीच झालं नसतं. ती गावात असती तरी काही बिघडलं नसतं. मी आईला उगाच विहिणीच्या दारात आणलं का? भाऊजींना विचारलं. ते लाडू चावता चावता म्हणाले, “झालं असतं तं बरं वाटलं असतं का तुले?”

नाही. अजिबात नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारणार नाही.

५ नोव्हेंबर

तारीख उलटून दोन दिवस झाले. मी दुकानात परत रुजू झालो आहे, रोज संध्याकाळी इकडे येतो. मालकांनी पगार कापला नाही. ओमप्रकाशभाऊंचा सातचा फोन चालूच आहे.

७ नोव्हेंबर

मुलगी झाली. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. दोन किलो नऊशे ग्रॅम. ताई ठीक आहे. फोन आला तेव्हा मी दुकानात खताची पोती मोजत होतो, मोजणी चुकली, पुन्हा मोजली नाही.

दुपारी वॉर्डात गेलो. ताई झोपेत होती, तोंड सुजल्यासारखं, पण ओठांवर हसू होतं. बाळाला आनंदाबाईंनी घेतलं होतं आणि आईने दुपट्याचं टोक धरलं होतं, दोघींनी मिळून एकच बाळ धरल्यासारखं. बाबा स्टुलावर बसून सारखे “लय लहान हाय वो” म्हणत होते.

आई मला म्हणाली, “अनुप, बारा दिवसांनं पोरीले घरी न्याचं म्हनतो मी. आपल्या घरी. तवा आभाळ कसं राहीन?”

शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वर केली. आनंदाबाईही पाहू लागल्या. इतक्या लोकांसमोर आईने मला कधी काही विचारलं नव्हतं. मला हो म्हणावंसं फार वाटलं.

मी म्हटलं, “आई, बारा दिवसांचं मले सांगता येत नाई. कोनालेच येत नाई. पाच दिवस आधी सांगतो.”

आईने आनंदाबाईंकडे पाहिलं आणि दुपट्याचं टोक बाळाच्या पायाखाली खोचलं.

“मंग पाच दिवस आधी सांगजो,” ती म्हणाली. “तवरोक आमी इथंच हाओ.”